दातांचं माहेर

पल्लवी आवटी दवाखान्यात आली ती हसतच आली, आणि आतल्या खोलीत डॉक्टर रेवती देशिंगेच्या हातातला छोटा आरसा एका म्हाताऱ्याच्या उघड्या तोंडात जागच्या जागी थांबला. चेहरा अजून दिसला नव्हता. बाहेर बाकावर कुणाशी तरी बोलता बोलता ती बाई हसली होती, एवढंच. पडद्यावर ते हसू रेवतीनं पुष्कळदा ऐकलं होतं आणि दर वेळी पडदा बंद केला होता. भिंतीपलीकडून आलेलं, माइकशिवायचं, सख्खं असं ते हसू मात्र शाळा संपल्यापासून आज पहिल्यांदा कानावर पडत होतं.

सलमा मुजावर, रेवतीची मदतनीस, दारातून डोकावली. तिच्या चेहऱ्यावर ईद होती. बाहेर 'फेर'वाल्या पल्लवीताई आल्यात, माझी आई त्यांच्या गाण्याशिवाय भाकरी थापत नाही, असं तिनं एका दमात सांगून टाकलं.

'फेर' म्हणजे पल्लवीचा कार्यक्रम. हादग्याची, मंगळागौरीची, जात्यावरची गाणी घेऊन पंधरा-वीस बायका रंगमंचावर फेर धरायच्या आणि मधोमध पल्लवी उभी राहायची. सांगली-मिरजेत तिला ओळखत नाही असं घर नव्हतं. परदेशातली मराठी मंडळी तर तिला विमानानं बोलावून नेत.

"दात बघायला आलेय," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. "आता मंचामागं दुमजली पडदा असतोय हो डॉक्टर. तोंड उघडलं की माझा एकेक दात वाड्याच्या दाराएवढा दिसतोय. आणि ते दार तिरकं आहे, बघा की."

वरचा सुळा शेजाऱ्याच्या खांद्यावर चढला होता आणि खालचे दोन दात दाटीवाटीनं उभे होते. बाकी तोंड नीटनेटकं. रेवतीनं मुखपट्टी काढली नाही. काढली असती तरी काही बिघडलं नसतं. पल्लवीच्या ओळखीची रेवती ह्या चेहऱ्यात उरलीच नव्हती. आडनाव लग्नात बदललं होतं आणि तोंड त्याआधीच, दंतवैद्यकाच्या कॉलेजात. चार निरोगी दात काढून जागा केली, मग तारेनं पुढचे दात आत ओढून घेतले, तेव्हा कुठं तिचे ओठ एकमेकांना भेटले होते.

तिनं नेहमीसारखे चार साचे टेबलावर मांडले आणि एकेक उपाय सांगायला घेतला. पहिला तारेचा. सगळ्यांत जुना, सगळ्यांत जोरकस, कसलाही हट्टी दात वळवतो. पण दिसतो, गाल सोलतो, आणि चिवडा-चिक्की विसरायला लावतो. दुसरी तार दातांच्या मागून लावायची. लोकांना दिसत नाही, पण जीभ तिच्यावर घासते आणि सुरुवातीला बोलणं बोबडं होतं.

"बोबडी पल्लवी," ती म्हणाली. "लोक त्यालाही टाळ्या देतील, पण नको."

तिसरा उपाय पारदर्शक पट्ट्यांचा. काचेसारख्या स्वच्छ, दर पंधरवड्याला नवी, प्रत्येक पट्टी दाताला केसभर पुढं ढकलणार. जेवताना काढायच्या, गाताना काढायच्या, बाकी दिवसरात्र तोंडात. ज्याला शिस्त आहे त्याला ह्या फळतात, आणि एवढ्याशा कामाला त्या पुरून उरतील. हे सगळं रेवती अगदी खरं सांगत होती. शेजारच्या माणसाला सांगावं तसं. इथवर तिच्या मनात काही नव्हतं, किंवा जे होतं ते झोपेत होतं.

"आणि हा चौथा?" पल्लवीनं विचारलं. चौथ्या साच्यावर तार नव्हती, पट्टी नव्हती, काहीच नव्हतं.

"ह्याला आम्ही माहेर लिहिणं म्हणतो," रेवती म्हणाली.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंची झोळी असते आणि त्या झोळीत तो टांगलेला असतो. एका अंगानं हळू पण सतत दाब दिला की त्या अंगाचं हाड विरतं, मागच्या अंगाला नवं भरतं, आणि दात सरकतो. तारा काय, पट्ट्या काय, सगळे एवढ्या एका गोष्टीवर जगतात. पण दात जागेवर आला, तार निघाली, की तो पाठ फिरवतो. हिरडीतल्या तंतूंना जुनी जागा आठवत असते. सासरी कितीही सुख द्या, चार दिवस मोकळे मिळाले की पाय माहेरच्या वाटेला लागावेत तसा तो निघतो. म्हणून तर जुन्या काळी उपचार संपल्यावरही लोकांना जन्मभर साचा घालून झोपावं लागे.

त्या आठवणीची जागा सापडली, ही अलीकडची गोष्ट. तंतूंमधल्या पेशी ताण मोजतात, आणि ज्या ताणात त्या मोठ्या झाल्या तोच ताण त्या बरोबर मानतात. हिरडीत एक जेल भरलं की त्यांची ही समजूत तेवढ्यापुरती सैल पडते. मग ठरावीक रंगाच्या उजेडानं, एकेका तंतूवर, नवा ताण लिहायचा. जेल ओसरलं की पेशींना तोच आपला जन्मापासूनचा वाटतो. पुढं काही करावं लागत नाही. चावणं, गिळणं, जिभेचा रेटा, ओठांचा दाब, ह्या रोजच्या बळावर दात वर्षभरात आपल्या पायांनी नव्या जागी चालत जातात, आणि तिथंच राहतात. शोधनिबंधांत ह्याला भलंमोठं नाव होतं. मिरजेच्या दवाखान्यांत मात्र कुणा परिचारिकेनं एकदा 'दाताचं माहेर बदललं' असं म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

पल्लवीला ते नाव फारच आवडलं. तिनं ते दोनदा चाखून म्हटलं आणि ह्याच्यावर कडवं होईल असं सांगितलं. मग तिला स्वतःचीच एक गोष्ट आठवली. आणि ती गोष्ट तिनं डॉक्टरला सांगितली.

दातांवरचं एक गाणं तिच्या कार्यक्रमात होतंच. लोक त्याच गाण्यासाठी येत. ते तिला कसं सुचलं, तर तासगावात त्यांच्या गल्लीत हादगा असायचा. पाटावर हत्ती, भोवती पोरींचा फेर, रोज एकीच्या दारी. गाणी संपली की त्या घरची खिरापत ओळखायची. तर एका घरची मायलेकींची जोडी अशी होती, की दोघींचे दात सारखे पुढं. ओठ मिटायचेच नाहीत. त्यांच्याच अंगणात फेर धरताना तिला ते कडवं जागच्या जागी सुचलं.

"पोरी हसून हसून खाली बसल्या होत्या हो," पल्लवी म्हणाली. "माझं पहिलं गाणं ते. त्यावरच आज उभी आहे."

"आणि ती मुलगी?" रेवतीनं विचारलं.

"कुठली?"

"जिच्यावर केलं ती."

पल्लवीनं छताकडं बघून आठवायचा मनापासून प्रयत्न केला. "नाव नाही बाई आठवत आता. त्यांची खिरापत आठवते. बेदाणे घातलेली गूळपापडी होती. कुणालाच ओळखता आली नाही."

रेवतीनं हातातला आरसा टेबलावर ठेवला. जे झोपलं होतं ते उठून बसलं.

तिनं सलमाला सांगितलं, ताईंसाठी चौथा उपाय धर.

तासगावातल्या त्या हादग्याच्या संध्याकाळी अंगण आईनं स्वतः सारवलं होतं. मगदुमांचं घर गल्लीच्या टोकाला, द्राक्षवाल्यांच्या गोदामाशेजारी, आणि हादगा त्यांच्या दारी येण्याची रेवाची, म्हणजे शाळकरी रेवतीची, ही पहिलीच पाळी. आई उंबऱ्यावर डबा घेऊन बसली होती. गाणी संपायच्या आधीच पोरी तर्क करत होत्या; तिखट म्हणाल्या की ती मान हलवायची, गोड म्हणाल्या की हसायची. आणि आई हसायची तेव्हा सगळी हसायची. दात, हिरड्या, डोळे, हातातल्या बांगड्या. तिचा वरचा एक दात दुसऱ्याच्या पुढ्यात आडवा बसला होता, आणि हसताना तो सगळ्यांत आधी बाहेर यायचा, पाहुण्यांच्या आधी दाराशी धावणाऱ्या पोरासारखा.

मग पल्लवीनं टाळी दिली आणि सुरू केलं:

ओठाला बाई दारच नाही, दात आले अंगणी
आईचं तोरण लेकीच्या दारी, मोजून घ्या गं साजणी

पहिल्या ओळीला आईही हसली. पोरींची गंमत म्हणून, सगळ्यांसारखीच. दुसरी ओळ ऐकताना तिचा हात आपोआप वर आला आणि पदर तोंडावर गेला. रेवा फेरातून बघत होती. तो पदर मग कधी खाली आला नाही. बारशाला, लग्नाला, दिवाळीच्या फराळाला, आई हसायची ती पदराआड. फोटो काढणारा म्हणायचा, काकू, हात काढा, आणि आई हसणंच थांबवायची. रेवाच्या दातांना तार लागली तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, तू तरी सुटलीस. ती गेली त्यानंतर रेवतीनं सगळे फोटो धुंडाळले. हसणारी आई एकाही फोटोत नव्हती. आणि दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या शहरात लोक तिकिटं काढून त्याच कडव्यावर टाळ्या वाजवत होते.

लिहिण्याच्या दिवशी पल्लवीनं पडद्यावर आपलं होणारं हसू पाहिलं, खूश झाली, आणि दातांच्या नव्या जागांच्या नकाशाखाली संमतीचा अंगठा टेकवला. सलमानं जेल भरलं. पल्लवीच्या डोळ्यांवर उजेडापासून जपणारी पट्टी बांधली. मग रेवतीनं सलमाला एका म्हाताऱ्याच्या कवळीचं माप घ्यायला बाहेर पाठवलं.

काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, एक पिवळटलेला प्लास्टरचा साचा असे. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी आधी आपल्याच तोंडाचा साचा घेतो. हात बसावा म्हणून. बाकीच्यांनी आपापले साचे फेकून दिले, रेवतीनं ठेवला होता. दात उपटण्याआधीचं, तारेआधीचं तिचं तोंड. आईचंच तोंड.

तिनं तो उजेडानं लिहिणाऱ्या यंत्राच्या डोळ्यापुढं धरला. यंत्रानं विचारलं, नकाशा बदलायचा आहे का. डॉक्टरला शेवटच्या घटकेला बारीकसारीक दुरुस्ती करता यावी म्हणून ती सोय होती. हा बदल बारीक नाही, असंही यंत्रानं सांगितलं. रेवतीनं हो म्हटलं.

निळा उजेड हिरडीवरून मुंगीच्या पावलानं फिरत राहिला. पल्लवी डोळे मिटून गुणगुणत होती. तोंडात नळ्या असल्यानं शब्द कळत नव्हते, चाल कळत होती.

'गा,' रेवती मनात म्हणाली. 'गाऊन घे. आता तोरण तुझ्या दारी.'

पहिल्या तपासणीला फरक नखाएवढा होता. दुसऱ्या वेळी पल्लवीनं विचारलं, पुढचे दात जरा पुढं आल्यासारखे वाटतात का हो. रेवतीनं सांगितलं, दात आधी वाटेत भटकतात, मग घरी जातात, धीर धरा. इतकं गोड तिनं आजवर कुठल्या पेशंटला समजावलं नव्हतं. तपासण्या ती स्वतः करायची, सलमाला जवळ येऊ द्यायची नाही. दर भेटीनंतर हात धुताना तिला आरशात स्वतःचा चेहरा तजेलदार दिसायचा. रात्री शांत झोप लागायची. द्वेष इतकी वर्षं उपाशी ठेवला होता, आता तो जेवत होता आणि तिला त्याचं अन्न अंगी लागत होतं.

उन्हाळा सरता सरता पल्लवीचे ओठ मिटेनासे झाले. 'फ' आणि 'ब' म्हणताना तिला कष्ट पडू लागले. आता ती दवाखान्यात येताना हसत नसे. आणि एका दुपारी बोलता बोलता तिनं पदर उचलला आणि तोंडावर धरला. अगदी तसाच, डाव्या हातानं. रेवतीला वाटलं, हेच. ह्यासाठीच.

त्या दिवशी पल्लवी गेल्यावर सलमा साचे पुसत होती. काचेच्या कपाटाशी ती जरा जास्त वेळ रेंगाळली.

"मॅडम, ह्या ताईंचे दात मी कुठंतरी बघितलेत," ती म्हणाली.

"पडद्यावर बघितले असशील."

"तिथं नाही," सलमा म्हणाली, आणि तिनं कपाटाचं दार लावलं.

दसऱ्याच्या आधी सांगलीत 'फेर'चा प्रयोग होता. रेवती गेली. एकटीच, मागच्या रांगेत. तिला फक्त ते एक गाणं बघायचं होतं. त्या दातांनी ती ओळ म्हणताना पल्लवीचं काय होतं, ते बघितलं की संपलं, मग आपण मोकळ्या, असं तिनं ठरवलं होतं.

बायकांनी फेर धरला. पल्लवी मधोमध, पदर खांद्यावरून पुढं ओढलेला. मागं दुमजली पडद्यावर तिचा चेहरा. थिएटरात कुजबुज आधीपासूनच होती. पुढच्या रांगेतला कुणीतरी शेजाऱ्याला म्हणाला, हिला झालंय काय. मग ते कडवं आलं. ओठाला बाई दारच नाही. हशा उसळला, पण नेहमीचा नव्हे. लोक गाण्याला नाही, गाणाऱ्या तोंडाला हसत होते. पल्लवीला ते समजलं. तिचा आवाज तुटला, टाळी चुकली, फेर थबकला. रेवतीच्या छातीत काहीतरी थंडगार, गोड पसरलं.

आणि मग पल्लवीला हसू आलं. कोसळणाऱ्या माणसाला कधीकधी येतं तसं, आवरता न येणारं. हातातला पदर सुटला, मान मागं गेली, तोंड पूर्ण उघडलं. दात, हिरड्या, डोळे, बांगड्या. आणि सगळ्यांत आधी तो आडवा दात, धावत दाराशी आलेला.

दोन मजले उंच, उजेडात न्हालेली आई रेवतीकडं बघून हसत होती.

रेवती उठली. कुणाच्या तरी पायावर पाय देत ती बाहेर आली आणि बाहेर येऊन उभी राहिली. आत हसू संपलं होतं. पुन्हा आत जावं की पळून जावं, तिला कळेना.

दोन दिवसांनी पल्लवी दवाखान्यात आली. तोंडावर पदर धरूनच बसली. परदेश दौऱ्याच्या आयोजकांनी तिच्या जागी तिच्याच फेरातली एक तरुण मुलगी मागितली होती. ती त्याबद्दल फार बोलली नाही. एवढंच विचारलं, की आता काय काय करता येईल.

रेवतीनं पुन्हा चार साचे मांडले. तार लावली तर दात आत ओढले जातील, पण त्यांचं माहेर आता हेच आहे, तार काढली की परत येतील. पट्ट्यांचंही तेच, जन्मभर घालाव्या लागतील. खरा उपाय एकच. पुन्हा जेल, पुन्हा उजेड, हे सगळं पुसून तुमचा स्वतःचा नकाशा लिहायचा. वर्षभरात दात होते तिथं, आणखी नीट.

"मग लिहा की," पल्लवी म्हणाली. "आजच लिहा."

"लिहिते. पण आधी माझं नाव सांगा."

पल्लवी गोंधळली. "डॉक्टर देशिंगे."

"माहेरचं."

तिला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. रेवतीनं कपाटातून पिवळटलेला साचा काढला आणि तिच्यापुढं ठेवला. पल्लवीनं तो उलटसुलट करून पाहिला. टेबलावरचा आरसा घेतला, पदर जरासा बाजूला केला, पुन्हा साच्याकडं पाहिलं.

"हा माझाच. कधी घेतला तुम्ही?"

"कॉलेजच्या पहिल्या वर्षी. माझ्या तोंडाचा." रेवतीनं मुखपट्टी काढली. मग चाल न लावता, भाजीचा भाव सांगावा तसं, तिनं ते कडवं म्हणून दाखवलं. दोन्ही ओळी.

पल्लवी तिच्याकडं बघत राहिली. त्या नीट, पांढऱ्या दातांमागं काय आहे ते शोधत राहिली.

"रेवा," ती अखेर म्हणाली. "मगदुमांची रेवा."

मग रेवतीनं सगळं सांगितलं. आईचा पदर, फोटो, 'तू तरी सुटलीस', यंत्राचा प्रश्न आणि आपलं उत्तर. हे बोलणं तिनं मनात इतक्यांदा घोळवलं होतं की ते ओव्यांसारखं सरळ येत गेलं. ऐकणारी रडेल, पाया पडेल, निदान मान खाली घालेल, असं तिला वाटत आलं होतं.

पल्लवीनं फक्त विचारलं, "काकू कुठं आहेत आता?"

"गेल्या."

"त्या दिवसानंतर कधी हसल्या नाहीत?"

"उघड्या तोंडानं नाही."

पल्लवीनं पदर खाली सोडला. आरसा समोर धरला. आपलं तोंड ती प्रथमच नीट निरखत होती, भाड्यानं घेतलेलं घर खोली-खोलीनं बघावं तसं. आणि मग ती हसली. मुद्दाम, पूर्ण. रेवतीला तोंड फिरवता आलं नाही. तिचे डोळे त्या हसण्याला चिकटले.

पल्लवीचं सगळं आयुष्य समोरच्या अंधारातले चेहरे वाचण्यात गेलं होतं. हा तर भर उजेडातला होता.

"अगं," ती हळूच म्हणाली. "तुला हे बघायचंय."

रेवतीनं साचा आपल्याकडं ओढून घेतला.

"म्हणजे परवा मागच्या रांगेतून मधेच उठून गेली ती तू. मला वाटलं, कोण बाई एवढी वैतागली." पल्लवीनं आरसा टेबलावर पालथा ठेवला. "त्या दिवशी मी पोर होते, रेवा. तोंडाला येईल ते बोलणारी पोर. तू हातमोजे घालून, मला जेल भरून, डोळ्यांवर पट्टी बांधून केलंस."

"तक्रार करा," रेवती म्हणाली. "माझा परवाना जाईल. तो घ्या, आणि दातही नीट करून घ्या."

"तक्रार केली तर चौकशी होईल, झालेलं दुरुस्त करा म्हणतील, आणि हे मला नीट करूनच घ्यावे लागतील. मला नीट नको आहेत आता." ती उठली. तोंड झाकलं नव्हतं. "परदेशात नाही जाणार. इथंच गाईन. लोक हसतील पहिले काही दिवस, मग सवय होईल त्यांना. काकूंचं हसू माझ्याकडं राहील. बघावंसं वाटलं तर तिकीट काढून ये."

दार लागलं. बाहेरच्या बाकावरून पल्लवी कुणाशी तरी बोलल्याचा आणि हसल्याचा आवाज आला. माइकशिवायचा.

रेवतीनं तो साचा पुन्हा यंत्रापुढं धरला आणि स्वतः खुर्चीत बसली. सलमाला म्हणाली, हा माझ्या तोंडात लिही. सलमानं यंत्र पुढं ओढलं. यंत्रानं हिरड्या वाचल्या, साचा वाचला, आणि थांबलं.

"होत नाही, मॅडम," सलमा म्हणाली. "साच्यात चार दात जास्त आहेत. तुमच्याकडं नाहीत ते. त्यांच्याशिवाय बाकीच्यांना तसं उभं राहता येत नाही म्हणतंय."

ते चार दात कॉलेजच्या कचऱ्यात कधीच गेले होते. निरोगी होते. जागा करायला काढले होते. साचा जिथं पुरा उतरेल असं तोंड आता जगात एकच होतं, आणि ते रेवतीनं स्वतः घडवलं होतं.

पुढचा हादगा आला तेव्हा 'फेर' पुन्हा सांगलीत होता. रेवतीनं तिकीट काढलं, पुढच्या रांगेचं. त्या संध्याकाळी ती आईची जुनी इरकल नेसली, का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

थिएटर भरलेलं होतं. पल्लवी खरं बोलली होती. लोकांना सवय झाली होती, आणि सवयीतून लळा लागला होता. तिच्या त्या हसण्याची वाट बघत बायका गाण्यामागून गाणं ऐकत होत्या. शेवटी पाटावरच्या हत्तीला ओवाळून झालं, आणि पल्लवी फेरातून पुढं आली. तिनं पहिली रांग नजरेनं चाळली, आणि जिला शोधत होती ती सापडली.

ओठाला बाई दारच नाही, दात आले अंगणी
आईचं तोरण परक्या दारी, मोजून घ्या गं साजणी

टाळ्या उसळल्या. शब्द बदललाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकीच्या आलं.

मग पल्लवीनं मान मागं टाकली आणि ती हसली. मागं दुमजली पडदा उजळला. आई होती तशी, अंगण सारवलेल्या संध्याकाळची, पदर खांद्यावर, हात मोकळे. शेजारच्या बायका हसू लागल्या. त्यांच्या मागच्या हसू लागल्या. रेवतीलाही हसू फुटलं, तिच्या इच्छेविरुद्ध, आतून, कितीतरी वर्षांनी.

आणि तिचा डावा हात आपोआप वर आला, इरकलीचा पदर घेऊन, त्या नीट, पांढऱ्या, सरळ दातांवर.